गोळी पोटात गेली, पण औषध अंगी लागलं का? एचआयव्हीच्या औषधाची पातळी मोजण्याच्या नव्या पद्धती, पायरीपायरीने

डबी रिकामी आहे. गोळ्यांची मोजणी बरोबर भरते. पेशंट सांगतो, ‘मॅडम, एक दिवस चुकलेला नाही.’ आणि व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचा, रिपोर्ट येतो १२,००० कॉपीज. एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, काम केलेल्यांना हा प्रसंग नवा नाही. समुपदेशक विश्वास ठेवावा की नाही या पेचात असतो, आणि समोरच्याला वाटतं आपल्याला खोटं ठरवलं जातंय.

खरं तर शक्यता तीनच असतात. गोळ्या घेतल्याच नाहीत (डबी रिकामी करणं काही अवघड नसतं). घेतल्या, पण औषध अंगी लागलं नाही. किंवा अंगी लागलं, पण विषाणूच त्याला दाद देत नाही. व्हायरल लोड या तिन्हींत फरक करू शकत नाही. तो फक्त सांगतो की आग लागली आहे. शिवाय नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) वेळापत्रकात तो सहाव्या महिन्याला, बाराव्या महिन्याला आणि पुढे वर्षातून एकदा होतो, म्हणजे आग लागल्याचं कळेपर्यंत वर्ष निघून जाऊ शकतं.

शरीरात औषध किती आहे हे थेट मोजलं तर तिसरी शक्यता पहिल्या दोन्हींपासून वेगळी काढता येते. आजवर त्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र लागायचं. त्याची किंमत कोटीत, चालवायला प्रशिक्षित माणूस हवा आणि निकालाला आठवडे. गेल्या काही वर्षांत हेच काम पट्टीवर, एन्झाइमच्या नळीत आणि सोन्याच्या इलेक्ट्रोडवर करायचे प्रयत्न झाले. त्या पद्धती कशा चालतात, हाताने कशा करायच्या आणि निकाल कसा वाचायचा, हे मी समुपदेशक, लॅब टेक्निशियन आणि बायोटेकचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. आपल्या सरकारी एआरटी केंद्रांच्या नेहमीच्या तपासण्यांत या चाचण्या अजून बसलेल्या नाहीत, त्यांचा मुख्य वापर संशोधनातच होतो, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही स्वतः औषध घेत असाल तर यातलं काही वाचून गोळी बंद करू नका, बदलू नका, डबल घेऊ नका. शंका असेल तर आपलं केंद्र आहे, आणि १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा, नमुना नंतर

नवीन माणूस सर्वात जास्त इथेच चुकतो. ‘औषधाची पातळी मोजायची आहे’ हा प्रश्नच अर्धा आहे. कधीची पातळी? कालची की गेल्या दोन महिन्यांची?

घरात मधुमेही असेल तर हे लगेच समजेल. उपाशीपोटीची शुगर आजची गोष्ट सांगते, एचबीए१सी तीन महिन्यांची. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी गोड सोडलं तर शुगर फसते, एचबीए१सी फसत नाही. एचआयव्हीतही तसंच आहे. तपासणीच्या तारखेआधी दोन-तीन दिवस नेमाने गोळ्या घेणारे पेशंट असतात, आणि त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास आपणही केलेला आहे.

आपल्याकडे बहुतेक प्रौढ पेशंट टीएलडीवर आहेत, म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, सगळं एकाच गोळीत. यातलं मोजायला सोयीचं औषध टेनोफोविर. रक्ताच्या प्लाझ्मात त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण १७ तास. पेशीच्या आत गेल्यावर त्याला दोन फॉस्फेट जोडले जातात आणि ते टेनोफोविर डायफॉस्फेट होतं, आणि विषाणूला अडवणारं खरं रूप तेच. लाल पेशींत या रूपाचं अर्धायुष्य साधारण १७ दिवस. सतरा तास आणि सतरा दिवस, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी लढाई जिंकलात. लघवी आणि प्लाझ्मा म्हणजे काल-परवाची गोष्ट, लाल पेशी म्हणजे गेल्या दीड-दोन महिन्यांची सरासरी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूलगतच्या केसातही महिन्यांची नोंद सापडते. पण ती वाचायला पुन्हा तेच कोटीचं यंत्र लागतं, त्यामुळे केस इथेच सोडतो.

पायरी २: पेशंटला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या

शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली? सध्या कोणती गोळी चालू आहे? तिच्यासोबत आणखी काय घेता?

दुसरा प्रश्न वरवर बावळट वाटतो, पण तो न विचारल्याने मोठे गोंधळ होतात. किडनीच्या त्रासामुळे कुणाला टेनोफोविरऐवजी अबॅकॅव्हिर दिलेलं असतं. त्याची लघवी टेनोफोविरच्या पट्टीवर टाकली तर पट्टी जन्मभर ‘औषध नाही’ असंच म्हणणार. खाजगीत उपचार घेणाऱ्या काहींच्या गोळीत टेनोफोविर अलाफेनामाइड असतं. त्या रूपात प्लाझ्मातलं टेनोफोविर कितीतरी कमी असतं, साधारण एक दशांश. म्हणून नेहमीच्या टेनोफोविर डिसोप्रॉक्सिलसाठी ठरवलेली मर्यादा त्यांना लावायची नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पायरी ६ मध्ये कामी येईल. टीबीची औषधं, ॲसिडिटीच्या गोळ्या, लोह, कॅल्शियम, वैदूचं चूर्ण, सगळं लिहा.

पायरी ३: लघवीची पट्टी

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. मोनिका गांधी यांच्या गटाने ॲबट कंपनीसोबत ही पट्टी विकसित केली. टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे लघवीत ते प्लाझ्मापेक्षा खूप जास्त सापडतं आणि साध्या पट्टीलाही पकडता येतं. मर्यादा ठेवली आहे १५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यामागे थायलंडमध्ये झालेला अभ्यास आहे. तिथे स्वयंसेवकांना डोळ्यांदेखत आठवड्याला ७, ४ किंवा २ गोळ्या देऊन नमुने घेतले. त्यामुळे कोणी किती गोळ्या घेतल्या याबद्दल अंदाज बांधायची गरजच उरली नाही.

पट्टीवर दोन जागा असतात, कंट्रोलची आणि टेस्टची. टेस्टच्या रेषेवर टेनोफोविरसारखा रेणू आधीच चिकटवलेला असतो, आणि लघवीसोबत वाहत येणाऱ्या प्रतिपिंडांवर (औषधाला धरून ठेवणारी प्रथिनं) रंगीत कण असतात. लघवीत औषध नसेल तर प्रतिपिंडं मोकळ्या हाताने रेषेपर्यंत पोहोचतात, तिथे अडकतात आणि रेषा उमटते. औषध असेल तर त्यांचे हात वाटेतच भरतात आणि रेषा उमटत नाही.

म्हणजे निकाल प्रेग्नन्सी किटच्या बरोबर उलटा. दोन रेषा म्हणजे औषध मर्यादेखाली. फक्त कंट्रोलची एक रेषा म्हणजे औषध सापडलं. मी स्वतः पहिली पट्टी उलटी वाचली होती, आणि प्रशिक्षणात निम्मे लोक तेच करतात. त्यामुळे टेबलासमोर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘एक रेष = औषध आहे’.

करायचं असं. स्वच्छ, कोरड्या डबीत लघवी घ्या आणि डबीवर नाव न लिहिता कोड लिहा. पट्टी फ्रीजमध्ये असेल तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात थंड पट्टी उघडली की तिच्यावर दव धरतं आणि प्रवाह बिघडतो. एक्स्पायरी बघा. कंपनीच्या पत्रकात दिलेत तेवढेच थेंब टाका, ‘थोडं जास्त टाकू’ नको. टायमर लावा आणि दिलेल्या वेळातच वाचा, उशिरा दिसणारी रेषा मोजायची नाही. कंट्रोलची रेषा आली नाही तर ती पट्टी बाद, नवी घ्या. टेस्टची रेषा फिकट असली तरी ती रेषाच. या ‘फिकट’वरून सर्वात जास्त वाद होतात, म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता वाचून मगच नोंद करावी. ट्यूबलाइटखाली एक आणि खिडकीपाशी दुसरा असं करू नका.

निकाल लिहिताना आणि सांगताना ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ हे शब्द तोंडातून काढूच नका. एचआयव्हीच्या केंद्रात ‘तुमची टेस्ट निगेटिव्ह आली’ असं ऐकून बाहेर पडलेला माणूस घरी जाऊन काय समजेल याचा विचार करा. ‘औषध सापडलं’ किंवा ‘औषध कमी सापडलं’, बस्स.

पायरी ४: एन्झाइमची चाचणी

मला यातली सर्वात देखणी कल्पना हीच वाटते. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आयोकुनले ओलानरेवाजू, जोनाथन पोझनर, पॉल ड्रेन आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या सुमारास ‘रिस्ट्रिक्ट’ नावाची चाचणी मांडली. टेनोफोविर बनवलंच आहे ते एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेस या एन्झाइमला रोखण्यासाठी. मग औषध शोधायला वेगळा प्रतिपिंड कशाला? तोच एन्झाइम नळीत ठेवा आणि तो किती अडखळतो ते बघा. ज्याला विष द्यायचं, त्यालाच विषाची परीक्षा करायला बसवलं.

आत घडतं ते असं. एन्झाइम एका साच्यावरून डीएनएची साखळी विणत जातो आणि ए, टी, जी, सी हे चार मणी एकेक करून ओवतो. टेनोफोविर डायफॉस्फेट हा ‘ए’चा तोतया. तो ओवला गेला की पुढचा मणी अडकवायला त्याच्याकडे आकडाच नसतो, आणि साखळी तिथेच तुटते. दुहेरी डीएनएत शिरल्यावर चमकणारा रंग शेवटी घातला की लांब साखळ्या जास्त उजळतात, तुटलेल्या कमी. म्हणजे चमक जितकी कमी, तितकं औषध जास्त.

ही प्रयोगशाळेतली पद्धत आहे. पण महाविद्यालयाच्या चांगल्या लॅबमध्येही, शुद्ध टेनोफोविर डायफॉस्फेट पाण्यात मिसळून, तिचा गाभा करून बघता येतो:

१. मिश्रण तयार करा: साचा, प्राइमर (साखळीचा सुरुवातीचा तुकडा), चारही न्यूक्लिओटाइड (वर सांगितलेले मणी) आणि बफर. साच्यात ‘टी’ जितके जास्त, तितक्या जास्त ठिकाणी ‘ए’ लागणार आणि तितकी तोतयाला संधी. साचा निवडतानाच चाचणीची संवेदनशीलता ठरते.

२. नमुना घाला. रक्त असेल तर आधी भरपूर पाण्याने पातळ करा. लाल पेशी फुटून आतलं औषध बाहेर येतं, आणि हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं तो त्रासही कमी होतो.

३. एन्झाइम सर्वात शेवटी, प्लेटच्या सगळ्या कप्प्यांत एकाच वेळी. मल्टिचॅनल पिपेट नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या कप्प्यात मिनिटाचा फरक पडतो आणि आलेख वाकडा येतो.

४. ३७ अंशांवर ठेवा, ठरलेल्या वेळी थांबवा, रंग घाला, फ्लुरोसन्स वाचा.

प्रत्येक प्लेटमध्ये तीन प्रकारचे राखीव कप्पे हवेतच. औषधाविना (सर्वात उजळ), एन्झाइमविना (सर्वात अंधारा) आणि माहीत असलेल्या औषधाच्या चढत्या पायऱ्या. या पायऱ्यांतून घसरगुंडीसारखा, वर आणि खाली सपाट असलेला वक्र मिळतो. नमुन्याचं उत्तर मधल्या उतारावर पडलं तरच आकडा द्या. सपाट भागावर पडलं तर नमुना वेगळ्या प्रमाणात पातळ करून पुन्हा लावा.

न्यूक्लिओटाइडचं प्रमाण हे या चाचणीचं मीठ. जास्त झालं तर खरे ‘ए’ तोतयाला गर्दीत बुडवून टाकतात आणि औषध असूनही साखळी विणली जाते. फार कमी झालं तर औषधाविनाच साखळी नीट होत नाही. विद्यार्थ्यांनी पहिला आठवडा फक्त हे प्रमाण बसवण्यात घालवावा, पेशंटच्या नमुन्याला हात लावू नये. बाजारात मिळणारं एन्झाइम जिवाणूंत बनवलेलं असतं, त्यात विषाणू नसतो. रक्ताचा नमुना मात्र संसर्गजन्यच समजायचा.

एक खाचखळगा आहे. साखळी तोडणारी इतर औषधंही असतात. लॅमिव्हुडिन हा ‘सी’चा तोतया, झिडोव्हुडिन ‘टी’चा. म्हणजे ही चाचणी एका रेणूची मोजणी करत नाही, साखळी तोडायची एकूण ताकद मोजते. मला हा दोष वाटत नाही. डॉक्टरला शेवटी तेच जाणून घ्यायचं असतं. मात्र अहवालात तसं लिहायला हवं.

पायरी ५: वाळवलेल्या रक्ताचा ठिपका

हा बायोसेन्सर (जैविक रेणूने औषध ओळखणारं साधन) नाही, पण नव्या सेन्सरला ज्या मापाने तोलायचं ते माप हेच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या पीटर अँडरसन यांच्या गटाने ते बसवलं. कार्डावरच्या रक्ताच्या ठिपक्यातून ३ मिलिमीटरची टिकली कापायची आणि त्यातलं टेनोफोविर डायफॉस्फेट मोजायचं. टिकलीत ७०० फेम्टोमोल (रेणू मोजायचं अतिसूक्ष्म एकक) किंवा त्याहून जास्त म्हणजे आठवड्याला निदान ४ गोळ्या, ३५० च्या खाली म्हणजे २ पेक्षाही कमी. हे आकडे एचआयव्ही होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळी घेणाऱ्या निरोगी लोकांवरून आले आहेत आणि अर्क काढायची पद्धत बदलली तर तेही सरकतात. ते दगडावरची रेघ नाहीत.

ठिपके घेताना कार्डाच्या वर्तुळात एकच मोठा थेंब टाका, थेंबावर थेंब नको. आडवं ठेवून सावलीत पूर्ण वाळवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. मग सिलिकाच्या पुड्यांसकट झिप पिशवीत घाला आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवा, कारण हा रेणू उष्णतेत आणि दमटपणात टिकत नाही. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गात कार्ड ‘वाळलंय’ असं हाताला वाटतं आणि आत ओल असते. पिशवीत आर्द्रतेचं कार्ड ठेवा आणि त्याचा रंग बघा. पेशंटला रक्तक्षय असेल तर थेंब कागदावर वेगळा पसरतो, म्हणून हिमोग्लोबिनची नोंद सोबत हवी.

सोन्याच्या इलेक्ट्रोडबद्दल थोडंच सांगतो. डीएनएचा एक धागा, ज्याला ॲप्टामर म्हणतात, सोन्यावर बसवतात आणि त्याच्या टोकाला मिथिलीन ब्लू लावतात. औषध चिकटलं की धागा घडी बदलतो, रंगाचं टोक इलेक्ट्रोडच्या जवळ येतं किंवा दूर जातं आणि विजेचा प्रवाह बदलतो. सँटा बार्बराच्या केव्हिन प्लॅक्सको यांच्या गटाने अशा सेन्सरने जागत्या उंदरांच्या रक्तवाहिनीत प्रतिजैविकांची पातळी क्षणाक्षणाला मोजून दाखवली. टेनोफोविरसाठी अडचण अशी की त्याचा चेहरा एटीपीशी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी, मिळताजुळता आहे, आणि पेशी एटीपीने भरलेल्या असतात. शिवाय रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर साचतात. दंडावर चिकटवायच्या पॅचची स्वप्नं छान आहेत. मी मात्र अजून काही वर्षं पट्टीवरच पैसे लावीन.

पायरी ६: निकाल व्हायरल लोडशेजारी ठेवून वाचा

एकटा आकडा वाचू नका. औषध सापडलं आणि व्हायरल लोड १००० च्या खाली, तर बोलण्यासारखं फार नाही. शाबासकी द्या आणि पुढची तारीख द्या. औषध कमी सापडलं पण लोड अजून दबलेला, तर हा सर्वात मोलाचा निकाल. गोळ्या नुकत्याच सुटू लागल्या आहेत आणि विषाणू अजून उठलेला नाही. वर्षाच्या व्हायरल लोडची वाट पाहिली असती तर ही संधी गेली असती.

औषध कमी आणि लोड जास्त, तर लगेच औषध बदलायची घाई नको. जी गोळी पोटात जातच नाही ती निकामी झाली असं कसं म्हणायचं? समुपदेशन वाढवून साधारण तीन महिन्यांनी लोड पुन्हा बघतात, त्याचं कारण हेच.

औषध सापडतंय, तरी लोड जास्त. खरी डोकेफोड इथे. लघवीची पट्टी फक्त काल-परवाचं सांगते, तेव्हा शक्य असेल तर ठिपक्याकडे वळा. तोही भरलेला निघाला तर विषाणू औषधाला दाद देईनासा झाला का, याचा विचार करा. पण त्याआधी पायरी २ मधली यादी काढा. टीबीचं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरला शरीरातून लवकर हाकलतं, म्हणून त्या काळात बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात. ॲसिडिटीच्या गोळ्यांतलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यातच पकडून ठेवतं, म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावं लागतं. टेनोफोविरच्या पट्टीला यातलं काही दिसत नाही. पेशंट टीएलडी नेमाने घेतोय, पट्टी खूश आहे, आणि रात्रीची जादा गोळी मात्र तो रोज विसरतोय किंवा जेवणानंतर अँटासिड चघळतोय, असं होऊ शकतं. एका औषधाचं मोजमाप हे तिन्ही औषधांचं प्रमाणपत्र नाही. औषध बदलायचं की नाही हे अर्थातच डॉक्टर ठरवतील.

पायरी ७: समोर बसून बोलायचं कसं

चाचणीपूर्वी काय मोजणार ते सांगा आणि संमती घ्या. न सांगता लघवी घेऊन तपासली आणि नंतर पकडलं, तर तो पेशंट पुढच्या महिन्यात येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गोपनीयतेची हमी देतो. निकाल नवऱ्याला, सासूला किंवा मुकादमाला कळवायचा नाही, कितीही आपुलकीने विचारलं तरी.

‘का नाही घेतली?’ असं विचारलं की माणूस बचावात जातो. ‘ताई, पट्टीत औषध कमी दिसतंय. गेल्या आठवड्यात गोळी घेताना काय अडचण आली?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग खरी कारणं बाहेर येतात. ऊसतोडीला बीडहून निघताना महिन्याच्याच गोळ्या मिळाल्या आणि फडावरून परत यायला पैसे नव्हते. रात्रपाळी लागली आणि गोळीची वेळ झोपेत जाते. लग्नघरात आठ दिवस सगळे एका खोलीत होते. यातल्या प्रत्येकाला इलाज आहे: जास्त महिन्यांच्या गोळ्या, जवळच्या केंद्रात बदली, गोळीची वेळ बदलणं, साध्या व्हिटॅमिनच्या डबीत गोळ्या ठेवणं. ‘नियमित घ्या हं’ हा इलाज नाही.

नोंदवहीत एवढे रकाने आखा: कोड, गोळीचं नाव, शेवटची गोळी कधी, नमुना कधी, पट्टीचा लॉट नंबर, दोघांचं वाचन वेगवेगळं, शेवटचा व्हायरल लोड आणि त्याची तारीख, सोबतची औषधं. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो सर्वात रुंद ठेवा. त्यात ‘अनियमित’ असं लिहू नका. पेशंटने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा: ‘सासूबाई महिनाभर आल्यात, डबी पिठाच्या डब्यात लपवलीय, सकाळी काढता येत नाही.’ पुढच्या खेपेला टेबलावर दुसरा समुपदेशक असेल, तर त्याला विचारायला सुरुवात कुठून करायची ते तिथून कळेल.